बोटुकली नव्या पाण्यात सोडताना

गेल्या श्रावणात पिंगळीच्या शिवारात एका शेततळ्यावर उभा होतो. विहिरीच्या पाण्याने तळे भरून घेतलेले, आभाळ भरून आलेले आणि टेम्पोतून मत्स्यबीजाच्या फुगलेल्या पिशव्या उतरत होत्या. घरचा थोरला मुलगा घाईघाईने पहिल्या पिशवीची गाठ सोडू लागला, तेवढ्यात बांधावर बसलेली त्याची आजी म्हणाली, "आरं, नवी सून दारात आली की आधी तिच्या पायावर पाणी घालतेत. लगीच चुलीपुढं बसवतेत का?" म्हातारीने माझे निम्मे भाषण वाचवले.

२०१६ साली 'मागेल त्याला शेततळे' ही योजना आली आणि आपल्या परभणी भागात पुष्कळ शेततळी झाली. त्यांत रोहू, कटला, मृगळ सोडण्याची हौसही अनेकांनी केली. मात्र पुढे दिवाळीनंतर जाळे टाकले की हाती थोडेच लागते, आणि "बीजच खोटं होतं" म्हणून सगळे मोकळे होतात. बीज कधी कधी खराब असते, नाही असे नाही. पण माझा अनुभव असा की निम्मा घात पहिल्या तासाभरात होतो आणि तो डोळ्यांना दिसत नाही. मेलेली बोटुकली आधी तळाला जाते. वर येईपर्यंत बरीचशी कुजते किंवा खाल्ली जाते. शेतकऱ्याला वाटते, मासे खोल पाण्यात गेले.

हे मी स्वतः चुकून शिकलो. नोकरीच्या सुरुवातीच्या काळात एका गावी टेम्पो उशिरा पोहोचला. भर दुपारचे ऊन होते. पिशव्या तापल्यात, लवकर सोडा, असे मीच सांगितले आणि सगळ्या पिशव्या धडाधड ओतायला लावल्या. तिसऱ्या दिवशी काठाला पांढरी पोटे लागली होती. त्या शेतकऱ्याने मला एक शब्दही बोलून दाखवला नाही, चहा मात्र पाजला. तो चहा अजून घशाखाली उतरलेला नाही.

आता पिशवीच्या आत काय चालते ते पाहू. पिशवीत साधारण एक भाग पाणी आणि दोन भाग प्राणवायू भरलेला असतो. चांगल्या केंद्रावर बीज भरण्याआधी उपाशी ठेवतात, म्हणजे वाटेत घाण कमी होते. तरीही शेकडो जीव श्वास घेतच असतात. त्यांच्या श्वासातला कर्बवायू पाण्यात विरतो आणि पाण्याचा सामू खाली येतो. शिवाय माशांच्या अंगातून अमोनिया बाहेर पडत राहतो. सामू उतरलेला असेपर्यंत हा अमोनिया फारसा बाधत नाही. पण पिशवी उघडली की कर्बवायू उडून जातो, सामू चढू लागतो आणि तोच अमोनिया जहाल होतो. आपल्या चुनखडीच्या काळ्या रानात युरिया वरचेवर फेकून उघडा ठेवला, तर त्यातला अमोनिया जास्त का उडतो, हे ज्यांना माहीत आहे त्यांना ही गोष्ट चटकन समजेल.

म्हणून नियम दोन, आणि ते एकमेकांच्या उलट आहेत. पिशवी बंद आहे तोवर धीर धरावा. उघडल्यावर मात्र वेळ काढू नये. बंद पिशव्या तळ्याच्या पाण्यावर, शक्यतो सावलीत, पंधरा-वीस मिनिटे तरंगू द्याव्यात. एक हात पिशवीला, एक हात तळ्यात घालून पाहावे. दोन्हीकडे सारखेच गार-कोमट लागले पाहिजे. मग गाठ सोडून ओंजळी-दोन ओंजळी तळ्याचे पाणी आत घालावे, थोडे थांबून पुन्हा घालावे. पाच-दहा मिनिटांत हे उरकावे. नंतर पिशवी आडवी करून तोंड पाण्याखाली धरावे आणि बोटुकली आपणहून बाहेर पडू द्यावी. उंचावरून ओतू नये.

वेळ सकाळची, पण अगदी झुंजूमुंजू नव्हे. हिरवट पाण्याच्या तळ्यात रात्रभर शेवाळही प्राणवायू खाते, त्यामुळे पहाटे तो सर्वांत कमी असतो. ऊन थोडे वर आले की तो वाढू लागतो, आणि सामू अजून दुपारइतका चढलेला नसतो. साधारण आठ-नऊचा सुमार बरा. बोअरचे पाणी नुकतेच भरले असेल तर त्यात प्राणवायू कमी असतो. त्याला काही दिवस उघड्यावर मुरू द्यावे.

अशीच काळजी समुद्रातल्या जिवांनाही लागते. मुंबईत सागरी किनारा रस्त्याच्या कामात हाजीअली आणि वरळीचे प्रवाळ २०२० साली उचलून दुसरीकडे बसवले, तेव्हा तेही समुद्राच्याच पाण्यातून समुद्राच्याच पाण्यात गेले, तरी ते काम शास्त्रज्ञांच्या हातून करावे लागले.

फवारणीचे सांगितल्याशिवाय पुढे जाववत नाही. कापसावर मारतात ती पायरेथ्रॉईड गटातली औषधे माशांना फार थोडीही सोसत नाहीत. पंप तळ्याच्या काठावर धुऊ नका. शंका असेल तर बीज आणण्याच्या आदल्या दिवशी ओढ्यातले चार बारके मासे जुन्या मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात घालून तळ्यात ठेवावेत. ते चोवीस तास जगले तर पाण्यावर भरवसा ठेवावा. आणि एक सूचना मायबहिणींना: प्लास्टिक अस्तराचा काठ शेवाळाने निसरडा होतो, पाय घसरला की वर येता येत नाही. गाठी मारलेला दोर काठावर बांधलेला असावा आणि मुलांना तिथे एकटे सोडू नये.

किती सोडायची? दहा गुंठ्यांच्या तळ्याला पाचशे बोटुकली पुरे. शंभरात चाळीस कटला, तीस रोहू आणि तीस मृगळ धरावेत. एक वरच्या थरात चरतो, एक मधल्या, एक तळाशी. पहिल्या दिवशी खाऊ घालू नये.

पिंगळीला आम्ही पन्नास बोटुकली मोजून त्याच मच्छरदाणीच्या पिंजऱ्यात वेगळी ठेवली होती. बाकीची तळ्यात किती तगली हे यावरून अंदाजाने कळते, आणि कमी तगली तर हंगाम असतानाच पुन्हा बीज आणता येते. दुसऱ्या दिवशी सकाळी आजीनेच पिंजरा उचलायला लावला. तीन मेलेली निघाली. मग तिने पदरातून भुईमुगाची पेंड आणि भाताचा कोंडा काढला, सारखा-सारखा मिसळलेला, आणि विचारले, "साहेब, आता वाढू का?"