दोन किलोमीटरच्या आतली आजी

हॉस्टेलवर कुणी "तुझं गाव किती लांब?" असं विचारलं, की शहरातली पोरं किलोमीटर सांगतात आणि आम्ही खेड्यातली पोरं गाडीची वेळ सांगतो. "सकाळची सातची चुकली की उद्या!" मेसमध्ये यावर हशा पिकतो. पण सिव्हिलला ट्रान्सपोर्टेशन विषय आला तेव्हा कळलं, की आमचंच उत्तर जास्त बरोबर आहे.

खेड्यातल्या माणसाला वाहतूक कितपत मिळते, हे मोजायला जगभर एक आकडा वापरतात. त्याचं नाव रूरल अ‍ॅक्सेस इंडेक्स. जागतिक बँकेने तो २००६ मध्ये मांडला. बारमाही रस्त्यापासून २ किलोमीटरच्या आत राहणाऱ्या ग्रामीण लोकांची टक्केवारी म्हणजे हा इंडेक्स. २ किलोमीटर म्हणजे साधारण २०-२५ मिनिटांची चाल. पूर्वी हा आकडा घरोघरच्या सर्वेक्षणावरून काढत. २०१६ च्या नव्या पद्धतीत लोकवस्ती, रस्ते आणि रस्त्यांची अवस्था यांचे नकाशे जीआयएसमध्ये एकावर एक ठेवतात, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना २ किलोमीटरचा पट्टा आखतात आणि त्यातली माणसं मोजतात. सुटसुटीत काम! देशादेशांची तुलनाही करता येते.

आता माझी आजी घ्या. घरापासून फाटा दीड किलोमीटर, डांबरी रस्ता. म्हणजे इंडेक्समध्ये आजी पास. पण डोळे दाखवायला जिल्ह्याच्या गावी जायचं, तर सकाळी ६.१० ला घर सोडायचं. तिच्या चालीने फाट्यापर्यंत ४० मिनिटं. सातची बस दीड तासाने पोचते. नंबर लागून तपासणी होते सव्वाअकराला, तीही १५ मिनिटांची. परतीची गाडी साडेतीनला. घरी यायला ५.४० वाजतात. एकूण साडेअकरा तास, दोन माणसांचं भाडं, शिवाय सोबत जाणाऱ्याचा रोज बुडतो. म्हणून आजी दर वेळी म्हणायची, "बघू पुढल्या महिन्यात." असं करता करता वर्ष गेलं. निघाला काचबिंदू, आणि त्यात गेलेली नजर परत येत नाही. एक डोळा गेला. रस्ता नव्हता का? होता की!

थॅडियस आणि मेन या संशोधकांनी १९९४ मध्ये बाळंतपणातल्या मृत्यूंमागचे तीन उशीर सांगितले: उपचार घ्यायचं ठरवण्यात, दवाखान्यात पोचण्यात आणि पोचल्यावर उपचार मिळण्यात. अंतरामुळे दुसरा उशीर होतो हे कुणालाही कळेल. पण ते म्हणतात, लांबचा पल्ला आठवून माणूस मुळात निघायचंच लांबवतो. आजीचं "बघू" म्हणजे हाच पहिला उशीर. तो कुठल्याच नकाशावर दिसत नाही.

मग रस्ते बांधणं फुकट का? मुळीच नाही. प्रधानमंत्री ग्राम सडक योजना २००० मध्ये सुरू झाली. तिच्या रस्त्यांवरचा अ‍ॅशर आणि नोव्होसाद यांचा अभ्यास २०२० मध्ये प्रसिद्ध झाला. रस्ता आल्यावर लोक शेतीबाहेरच्या कामांकडे वळले, पण उत्पन्न आणि मालमत्ता यांत फारसा फरक दिसला नाही. अडुकिया यांच्यासह केलेल्या दुसऱ्या अभ्यासात मात्र उच्च प्राथमिक वर्गांतली पटसंख्या वाढलेली आढळली. थोडक्यात काय, तर रस्ता ही सुरुवात आहे. त्यावरून कोण, कधी आणि किती पैशांत जाऊ शकतं, यावर पुढचं सगळं ठरतं.

म्हणून माझं साधं सूत्र: चालणं + वाट पाहणं + प्रवास + परतीची वाट. हे सगळं मिनिटांत मांडा, शेजारी खर्च लिहा. आणि मोजताना चाल आपली धरू नका, घरातल्या सगळ्यात हळू चालणाऱ्या माणसाची धरा.

दिवाळीच्या सुट्टीत घरी जाल तेव्हा घड्याळ लावून एवढं मोजून आणा. आल्यावर सगळ्यांचे आकडे एका वहीत लिहू. आणि हो, घरी कुणी "बघू पुढल्या महिन्यात" म्हणत असेल, तर आधी त्यांना सातच्या गाडीत बसवा.