पुण्याची शिल्लक

गेल्या ज्येष्ठांत ज्ञानोबा-तुकोबांच्या पालख्या पुण्यांत मुक्कामास होत्या, तेव्हां आमच्या घरीं दरवर्षींप्रमाणें पंचवीस वारकऱ्यांची पंगत झाली. आम्ही जावा वाढीत होतों, मुलें पाणी देत होतीं, आणि थोरांपासून पोरांपर्यंत प्रत्येकाच्या मुखावर समाधान दिसत होतें. पंगत उठल्यावर भांडीं घासावयास येणाऱ्या बाईंनीं मुलाच्या शाळेच्या फीसाठीं पुढील महिन्याचा पगार आगाऊ मागितला. एरवीं अशी मागणी मीं कधीं परत लाविली नव्हती. त्या दिवशीं मात्र, "आजच केवढा खर्च झाला, पाहतां ना तुम्ही!" असें सहज बोलून गेलें. रात्रीं सासूबाई एवढेंच म्हणाल्या, "अगं, त्या पंगतीचीं भांडीं त्यांनींच घासलीं."

पैशाची अडचण होती असें नाहीं. खरें कारण असें कीं, दुपारपर्यंत मी स्वतःच्या दृष्टीनें इतकी चांगली होऊन बसलें होतें कीं, आणखी चांगलें होण्याची निकड उरली नव्हती.

आपल्या बोलण्यांत पुण्य जमा होतें, त्याचा सांठा असतो आणि तो सरतोहि. ययाति स्वर्गांतून पडला तो कांहीं नवें पाप केल्यामुळें नव्हे. तपांत माझ्या तोडीचा कोणी नाहीं, असें तो इंद्रापुढें म्हणाला म्हणून पडला, अशी आदिपर्वांतील कथा आहे. हीच गोष्ट मानसशास्त्रज्ञांनीं अलीकडे प्रयोगानें पाहिली. २००१ मध्यें मोनिन व मिलर या अमेरिकेंतील संशोधकांस असें आढळलें कीं, स्त्रियांविषयींचीं अनुदार विधानें खोडून काढण्याची संधि ज्यांस आधीं मिळाली, तेच पुढें एखाद्या जागेसाठीं पुरुषाची निवड अधिक मोकळेपणानें करीत. आपण पक्षपाती नाहीं, हें एकदां सिद्ध करून झालें होतें ना! २००९ मधील दुसरा प्रयोग तर आपल्या घरांतलाच वाटावा. कांहीं जणांस 'उदार', 'दयाळू' असे शब्द योजून स्वतःविषयीं लिहावयास सांगितलें, कांहींस 'स्वार्थी', 'लोभी' असे शब्द दिले. नंतर धर्मादाय देणगीचा प्रश्न काढला. स्वतःस उदार म्हणविणाऱ्यांनीं सरासरी १.०७ डॉलर देऊं केले. स्वार्थी म्हणविणाऱ्यांनीं ५.३०. पुढें कोणी हाच प्रयोग पुन्हां करून पाहिला, तेव्हां तसें फळ आलें नाहीं, हेंहि सांगितलें पाहिजे. २०१५ मध्यें अशा ९१ प्रयोगांचा एकत्र विचार झाला; त्यांत हा परिणाम दिसला, पण बेताचाच.

बेताचाच असण्याचें कारण मला आपल्या शहराच्या इतिहासांत सांपडतें. स्वतःस नीतिमान् समजणारीं सगळींच माणसें हात आंखडून बसतीं, तर पुण्यांत एकहि संस्था उभी राहिली नसती.

१८७३ सालीं रानडे पुण्यास न्यायाधीश होते. पुनर्विवाहाच्या चळवळींत ते अग्रभागीं. त्यांची पहिली पत्नी वारली, आणि विधवेशीं विवाह करण्याची वेळ स्वतःवर आली असतां एकतीस वर्षांच्या या सुधारकानें वडिलांच्या आग्रहापुढें मान तुकवून अकरा वर्षांच्या मुलीशीं लग्न केलें. टीका झाली, ती योग्यच होती असें मला वाटतें. परंतु विवाह होतांच त्यांनीं रमाबाईंस शिकविण्यास आरंभ केला, व घरांतील वडील बायकांचा रोष झाला तरी तें सोडलें नाहीं. ही भरपाई होती कीं स्वभाव, हें बाहेरच्यानें ठरवूं नये. त्याच रमाबाईंनीं १९०९ पासून पुण्याच्या सेवासदनाचा भार वाहिला.

अण्णासाहेब कर्व्यांची गोष्ट निराळी. त्यांनीं १८९३ मध्यें गोदूबाईंशीं, म्हणजे पुढच्या आनंदीबाईंशीं, विवाह केला. मुरुडकरांनीं त्यांस वाळींत टाकलें. एवढें सोसल्यावर, 'माझा वांटा मीं उचलला' असें म्हणून फर्ग्युसनमधील गणिताच्या प्राध्यापकीवर स्वस्थ बसण्याचा अधिकार त्यांस कोणीहि दिला असता. त्यांनीं तो घेतला नाहीं. १८९६ मध्यें अनाथबालिकाश्रम काढला. तो हिंगण्यास गेल्यावर कॉलेज सुटलें कीं तेथवर पायीं जात. १९१६ मध्यें महिला विद्यापीठ, १९३६ मध्यें अठ्ठ्याहत्तराव्या वर्षीं खेड्यांतील शिक्षणासाठीं मंडळ, १९४४ मध्यें समता संघ. झालेलें काम त्यांच्या वहींत जमेच्या बाजूस कधीं चढलेंच नाहीं, असें वाटतें. तें पुढच्या कामाचें वचन होऊन बसे.

तथापि याच घराकडे आंतून पाहिलें कीं चित्र तितकें सोपें राहत नाहीं. आश्रमासाठीं सर्वस्व देणाऱ्या पुरुषाचा संसार चालविणें म्हणजे काय, हें आनंदीबाईंच्या 'माझें पुराण' या आत्मचरित्रावरून कळतें. सार्वजनिक कार्याचें तेज ज्या घरांत असतें, तेथें वाणसामानाचा हिशेब कोणीतरी काळजीनें करीत असतें, व तें कोणीतरी बहुधा स्त्रीच असते. बाहेर दिलेल्या दानाची पावती घरांत दाखवून सुटका करून घेण्याचा मोह पुरुषांसच होतो असें नाहीं. मला तो पंगतीच्या दिवशीं झालाच.

दुसऱ्या दिवशीं सकाळीं बाई आल्या, तेव्हां मीं पैसे पुढें केले. त्यांनीं हात पदरास पुसले, पण पुढें केला नाहीं. "राहूं द्या, ताई. समोरच्या काकूंनीं दिले काल. फी भरली." आणि त्या नळाखालीं भांडीं घेऊन बसल्या.