कोबीच्या मळ्यातलं मैदान

रग्बी आपल्याकडे फारसं कुणी पाहत नाही. तरीही लंडनच्या ट्विकेनहॅम मैदानाची गोष्ट मला सांगावीशी वाटते, कारण त्या गोष्टीत आपला रुपयाही आहे.

१९०७ साली बिली विल्यम्स यांनी इंग्लंडच्या रग्बी संघटनेसाठी इथली दहा एकर जागा साडेपाच हजार पौंडांहून थोड्या जास्त किमतीला घेतली. जागा कसली, भाजीचा मळाच तो! ‘कोबीचा मळा’ हे थट्टेचं नाव अजून टिकून आहे. १९०९ मध्ये पहिला सामना झाला. पहिल्या महायुद्धात तर इथं घोडे चरत होते.

आता रुपयाचं. कलकत्त्यातल्या इंग्रजांचा रग्बी क्लब बंद पडला, तेव्हा त्यांनी शिलकीतले चांदीचे रुपये वितळवून चषक घडवला. मुठी नागाच्या, झाकणावर हत्ती. १८७९ पासून इंग्लंड आणि स्कॉटलंड त्यासाठी झुंजतात.

आज इथं ८२ हजार माणसं बसतात. पण मोठे सामने वर्षातून मोजकेच. मग एवढा डोलारा पोसायचा कसा? म्हणून गाण्यांचे कार्यक्रम होतात, संग्रहालय चालतं. २०२४ मध्ये तर मैदानाला एका विमा कंपनीचं नाव मिळालं. जुन्या चाहत्यांना ते रुचलं नाही, आणि मला त्यांचं दुःख कळतं.

पण २७ सप्टेंबर २०२५ रोजी महिला विश्वचषकाच्या अंतिम सामन्याला ८१,८८५ प्रेक्षक आले. इंग्लंडच्या मुलींनी कॅनडाला ३३-१३ असं हरवलं. पाटीवरचं नाव बदललं, तरी मळा ओस पडलेला नाही.