काच परिषदेत हातभार : तोटा की कमाई?

गावात एखादी परिषद भरणार असली आणि तिला स्वयंसेवक हवे असले, की कारागीर बंधूंचा पहिला सवाल असतो, "फुकट कशाला राबायचे?" सवाल रास्त आहे. दोन दिवस काम बंद म्हणजे दोन दिवसांची रोजी गेली. म्हणून हा हिशेब आम्ही काचेच्या धंद्यातील एका उदाहरणावरून मांडत आहोत.

अमेरिकेतील टोलेडो हे काच कारखान्यांचे शहर. १९६२ साली तेथील कलासंग्रहालयाच्या आवारात हार्वे लिटलटन या शिक्षकाने लहान भट्टी लावली. कारखान्याबाहेर एकट्या कारागिराला काच फुंकता येईल का, हे त्यांना पाहायचे होते. पहिली काच कामाची निघाली नाही. तेव्हा काच तंत्रज्ञ डॉमिनिक लबिनो यांनी काचतंतू बनविण्याच्या गोट्या वितळवण्याचा सल्ला दिला. काच वितळली, पण ती फुंकण्याची कसब जमलेल्यांत कुणाकडे नव्हती. लिबी कारखान्यातून निवृत्त झालेले हार्वे लीफग्रीन तेथे आले, त्यांनी नळी हाती घेतली आणि फुंकून दाखवले. एका जुन्या कामगाराच्या या मदतीने पुढच्या चळवळीला हात दिला.

काचेचा हुन्नर पूर्वी झाकून ठेवीत. व्हेनिसने १२९१ साली भट्ट्या मुरानो बेटावर हलविल्या आणि पुढे कारागिरांना बाहेर जाण्यास बंदी घातली. उलट १९७१ साली अमेरिकेत स्थापन झालेल्या ग्लास आर्ट सोसायटीच्या परिषदांत नामांकित उस्ताद सर्वांसमोर काम करून दाखवतात. ही परिषद गावोगाव फिरते. पन्नास वर्षे झाली म्हणून २०१२ साली ती टोलेडोतच भरली होती.

अशा परिषदेला स्थानिक हात लागतात. नोंदणी, वाट दाखवणे, सामान उतरवणे, प्रदर्शनावर नजर ठेवणे ही कामे कुणालाही जमतात. ठराविक तास काम केल्यास प्रवेश शुल्क माफ करण्याची किंवा कमी करण्याची पद्धत अनेक ठिकाणी आहे. भट्टीजवळचे काम मात्र अनुभवी माणसालाच मिळते.

होकार देण्यापूर्वी चार गोष्टी लेखी विचारून घ्याव्यात : तास किती, कोणती प्रात्यक्षिके पाहता येतील, जेवणाची सोय काय आणि इजा झाल्यास खर्च कुणाचा? भट्टीजवळ सुती कपडे, बंद बूट आणि चष्मा हवा, कारण नायलॉन अंगाला चिकटते. चारपाचशे अंशांची काच दिसायला थंड काचेसारखीच असते. विचारल्याशिवाय कशालाही हात लावू नये.

फिरोजाबादच्या बांगड्या असोत की कपडवंजचे आरसे, आपल्याकडे हा हुन्नर बापाकडून मुलाकडे आला. तो घराबाहेर कुणी पाहिला नाही, म्हणून त्याची किंमतही दुसऱ्यानेच ठरवली. परिषदेत अवजारवाले, रंगवाले आणि खरेदीदार एकाच छताखाली भेटतात. एक नवी रीत किंवा एक नवा गिऱ्हाईक मिळाला, तरी बुडालेली रोजी भरून निघू शकते. नुसती गर्दी वाढवायला बोलावले असेल, तर जाऊ नये. शिकायला मिळत असेल, तर सोबत मुलालाही न्यावे, असे आम्हांस वाटते.