शेत ओझर विमानतळाजवळ आहे? फवारणीचा ड्रोन बोलावण्याआधी नकाशा बघा

निफाड : ऊस, मका डोक्याच्या वर गेला की पाठीवर पंप घेऊन आत शिरणं मुश्कील होतं. अशा वेळी ड्रोनने फवारणी सोयीची पडते. पण निफाड-दिंडोरी पट्ट्यात ओझरचं विमानतळ आणि लढाऊ विमानं बनवणारा एचएएलचा कारखाना आहे. नाशिकजवळ देवळालीला लष्करी छावणी आहे. अशा ठिकाणांच्या आसपास ड्रोन उडवायचा तर आधी परवानगी लागते. ती सरपंच किंवा पोलीस पाटलांच्या तोंडी होकाराने मिळत नाही.

तीन रंगांचा हिशेब

केंद्र सरकारचे ड्रोन नियम २५ ऑगस्ट २०२१ पासून लागू आहेत. त्यानुसार आकाशाचे तीन भाग आहेत.

हिरवा : ४०० फुटांपर्यंत उडवायला वेगळी परवानगी नको.

पिवळा : संबंधित हवाई वाहतूक नियंत्रण कक्षाची, म्हणजे एटीसीची परवानगी हवी.

लाल : फक्त केंद्र सरकारच्या परवानगीने.

विमानतळाजवळ अंतर महत्त्वाचं. हद्दीपासून ८ ते १२ किलोमीटरच्या पट्ट्यात २०० फुटांपर्यंत हिरवा भाग धरतात. फवारणीचा ड्रोन पिकाच्या थोडाच वर उडतो, त्यामुळे तिथे सहसा अडचण येत नाही. मात्र ८ किलोमीटरच्या आत दहा फूट उडवायचा तरी परवानगी लागते. हे अंतर सरळ रेषेत, विमानतळाच्या कुंपणापासून मोजतात. रस्त्याने बारा किलोमीटर असलेलं शेत सरळ रेषेत आठच्या आत निघू शकतं.

आपलं शेत कुठं येतं?

‘डिजिटल स्काय’ या सरकारी संकेतस्थळावर नकाशा आहे. मोबाईलवर तो उघडून आपला गट शोधायचा आणि रंग बघायचा. नकाशा बदलू शकतो, म्हणून उडवण्याच्या दिवशी पुन्हा बघणं पायलटवर बंधनकारक आहे. मोठी सभा, यात्रा, व्हीआयपी दौरा असेल तर हिरवा भागही एका वेळी ९६ तासांपर्यंत तात्पुरता लाल करता येतो. पोलिसांचा ड्रोनबंदीचा आदेश निघाला असेल तर तोही पाळावा लागतो.

लग्नाच्या शूटिंगवाल्यांनीही लक्षात ठेवावं. २५० ग्रॅमपर्यंतच्या ड्रोनला पायलटचं प्रमाणपत्र लागत नाही, पण लाल-पिवळ्या भागात तोही विनापरवानगी उडवता येत नाही.

ठरवताना काय विचारावं?

फवारणीवाल्याला तीन गोष्टी विचारा : ड्रोनचा नोंदणी क्रमांक (यूआयएन), पायलटचं प्रमाणपत्र आणि विमा. गाडीला जशी नंबरप्लेट, तसा ड्रोनला यूआयएन. शेत पिवळ्या भागात असेल तर एटीसीची परवानगीही दाखवायला सांगा. नियम मोडल्यास एक लाख रुपयांपर्यंत दंड होऊ शकतो.

परवानगीचं काम फवारणीच्या आधीच उरकून घ्यावं. एकदा औषध कालवलं की ते ठेवून चालत नाही, आणि पिकावरची कीडही कागदाची वाट बघत थांबत नाही.