नऊ तारखेची तपासणी

दर महिन्याच्या ९ तारखेला प्राथमिक आरोग्य केंद्रात गरोदर मातांची तपासणी असते. प्रधानमंत्री सुरक्षित मातृत्व अभियानाने २०१६ पासून हा दिवस ठरवून दिला आहे. सपाट भागात ३०,००० लोकवस्तीमागे एक केंद्र असा निकष आहे, डोंगरी व आदिवासी भागात २०,००० मागे. वैद्यकीय अधिकारी बाई असतील, तर त्या ३०,००० मधल्या निम्म्याजणींना आपले दुखणे आडवळणाने सांगावे लागत नाही.

वजन, रक्तदाब, लघवी, हिमोग्लोबिन हे सारे नर्सबाई सकाळीच उरकतात. डॉक्टरीणबाईंचे काम पडद्याआड, स्पिरिट आणि फिनेलच्या वासात चालते. पोटाला हात लावण्याआधी त्या तळवे एकमेकांवर घासतात. गार हात लागला की पोट आखडते आणि बाळ नीट चाचपता येत नाही. मग बोटे गर्भाशयाच्या वरच्या टोकाशी जातात. तिथे मऊ, पसरट लागले तर बाळाचे कुल्ले; कडक, गोल आणि हलणारे लागले तर डोके, म्हणजे बाळ पायाळू. दोन्ही कुशी दाबून पाठ शोधायची, कारण ठोके त्याच बाजूला स्वच्छ ऐकू येतात. मिनिटाला ११० ते १६० असले की ठीक.

हात चालू असताना बोलणेही चालू असते, आणि निम्मे निदान तिथेच होते. हिमोग्लोबिन ११ च्या खाली म्हणजे रक्तक्षय, ७ च्या खाली म्हणजे गंभीर. लोहाच्या गोळ्या घेतेस का, या प्रश्नाला सासू शेजारी असेपर्यंत ‘हो’ असेच उत्तर येते. सासूबाईंना केसपेपर आणायला बाहेर धाडले की कळते, मळमळते म्हणून गोळ्या फडताळात पडून आहेत. यावर रागावणारे डॉक्टर पुष्कळ. ‘रात्री झोपताना घे, चहाबरोबर नको’ एवढे सांगणे जास्त कामाचे.

आनंदीबाई जोशी १८८६ मध्ये फिलाडेल्फियात डॉक्टर झाल्या. डॉ. रखमाबाईंनी पुढे सुरत आणि राजकोटला वर्षानुवर्षे रुग्ण तपासले. तरी आजही गळ्यात स्टेथोस्कोप असलेल्या बाईंनाच बाकावरून विचारले जाते, “सिस्टर, डॉक्टर कधी येणार?” त्या ‘मीच’ म्हणतात आणि पुढची हाक मारतात.

८ मार्चला महिला दिनाचे गुलाबाचे फूल मिळते, ते चांगलेच. पण २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्याच्या आर. जी. कर रुग्णालयात ड्यूटीवरच्या तरुण महिला डॉक्टरची हत्या झाली, तेव्हा देशभर निवासी डॉक्टर रस्त्यावर उतरले. त्यांच्या मागण्या साध्या होत्या: सुरक्षा, उजेड, विश्रांतीसाठी बंद होणारी खोली. ३०,००० माणसांच्या केंद्रातही रात्री बाळंतीण आली की क्वार्टरमधून याच बाईंना उठून यावे लागते.

शेवटी जोखमीची कार्डे वेगळी काढतात. रक्तदाब १४०/९० च्या वर, आधीचे सिझेरियन, जुळी, गंभीर रक्तक्षय: अशांची नावे आशाताईंना तोंडी सांगितली जातात, बाळंतपण कुठे करायचे ते ठरते आणि १०८ ची गाडी केव्हा बोलवायची हे नवऱ्याला समजावले जाते.