तुकड्यांतून कडें

चाकण-भोसरीच्या कारखान्यांत यंत्रांचे सुटे भाग पाइनच्या खोक्यांतून येतात. रिकामीं खोकीं पुष्कळदां जळणांत जातात; पण त्याच फळ्यांतून कातारकामाचें सुबक भांडें निघूं शकतें. मात्र खोक्यावरील शिक्का आधीं वाचावा. ‘एचटी’ म्हणजे गाभ्यापर्यंत ५६ अंश सेल्सिअसला निदान ३० मिनिटें तापविलेलें लांकूड. ‘एमबी’ म्हणजे मिथिल ब्रोमाइड या विषारी वायूची धुरी दिलेलें. हें दुसरें घरांत आणूं नये.

फळी अरुंद, मग भांडें रुंद कसें व्हावें? बैलगाडीचें चाक पाहा. त्याची कड पुठ्यापुठ्यांनीं जोडलेली असते. वर तापवून चढविलेली लोखंडी धाव निवतांना आकसते आणि सारे सांधे आवळते. आपल्या कड्याला धाव नाहीं. तेथें भिस्त कोनावर आणि सरसावर.

वर्तुळाचे अंश ३६०. तुकडे १२ घेतले तर प्रत्येक टोंकाला १५ अंशांचा काप हवा. टोंकें होतात २४. प्रत्येक कापांत पाव अंश चुकला तर शेवटच्या सांध्याशीं ६ अंशांची फट उरते. माझ्या पहिल्या कड्यांत अशीच फट राहिली. मीं तींत भुसा व सरस भरला. चरकावर तें कडें फुटून उडालें; डोळा थोडक्यांत वांचला.

उपाय सोपा आहे. सहा-सहा तुकड्यांचीं दोन अर्धीं कडीं आधीं जोडावीं. तीं वाळल्यावर सपाट फळीवर ताणून बसविलेल्या कांचकागदावर प्रत्येकाचीं दोन्ही टोंकें एकदम घासावीं, म्हणजे तीं एका सरळ रेषेंत येतात. मग दोन्ही अर्धे जोडावे. साऱ्या कापांची चूक त्या दोन सांध्यांत निघून जाते. आकारांतील किंचित् उणीव कातण्यांत नाहींशी होते.

या कापांवर लांकडाच्या सूक्ष्म नळ्यांचीं तोंडें उघडीं असतात व तीं सरस पिऊन टाकतात. म्हणून पांढऱ्या सरसाचा पातळ हात देऊन कांहीं मिनिटें थांबावें, दुसरा हात द्यावा, मग पट्ट्यानें आवळून एक दिवस ठेवावें.

शेवटीं तळ. लांकूड पावसाळ्यांत रुंदीला फुगतें, लांबीला जवळजवळ नाहीं. कड्याचे रेषे वर्तुळाबरोबर फिरतात, तळाचे सरळ जातात. रुंद अखंड तळ सरसानें पक्का केला तर एका पावसाळ्यांतच सांधा उकलण्याचें भय. तो खांचेंत मोकळा बसवावा. आणि चरकावर चढविण्यापूर्वीं कडें उजेडासमोर धरावें. सांध्यांतून उजेड दिसला, तर त्या दिवशीं चरक बंदच ठेवावा.